मॅडमच्या कागदांतल्या चार वह्या

बहरीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या त्या फ्लॅटचं काम मी घेतलं ते एकाच कारणासाठी. तिथल्या कागदांत माझ्या बायकोच्या हातच्या चार वह्या होत्या, आणि ते कागद अमेरिकेच्या कंटेनरमध्ये चढायच्या आत मला त्या काढून घ्यायच्या होत्या. पुढे जे झालं ते सगळं यातूनच झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

घरसामान बांधून देशोदेशी पाठवणं हा माझा धंदा. बहरीनला आलो तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर हमाल होतो. राजापूरकडचा पोरगा, अंगावर दोन शर्ट. आज माझ्या दोन गाड्या आहेत, गोदाम आहे, हाताखाली सहा माणसं आहेत, आणि यातलं काहीही कोणी मला उचलून दिलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणतं चाळीस खोकी, मी म्हणतो साठ, आणि बावन्नवर येईपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही. या धंद्यात माणूस एक गोष्ट शिकतो ती म्हणजे कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. ‘यात फक्त जुनी पुस्तकं आहेत’ असं सांगून जे खोकं आपल्याकडे सरकवतात, ते मी आधी उघडतो.

मॅडम अमेरिकन. सखीरच्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायच्या. त्यांचा विषय अमेरिकेतल्या बायका. मोठ्या नावाच्या बायका नव्हेत. शेतावरच्या, गिरणीतल्या, दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या. त्या बायकांनी लिहिलेल्या रोजनिश्या, पत्रं, धुण्याच्या याद्या मॅडम जन्मभर गोळा करत होत्या. माझी बायको त्यांच्याकडे सकाळी आठ ते एक कामाला. झाडणं-पुसणं, इस्त्री, एक वेळचा स्वयंपाक. मॅडमचा विषय तिने मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, बायकांचा कसला आलाय इतिहास, सकाळी उठल्या आणि रात्री झोपल्या. ती हसली नाही.

माझी दुसरी गाडी आली तेव्हा मी तिला काम सोड म्हणालो. नाही सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, मॅडमना माझी सवय आहे. हे काही कारण नव्हे, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी घरी आलो तर ही इस्त्रीच्या टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होती. खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, मिळते तशी दोनशे पानी वही. मला पाहून तिने वही मिटली नाही, पण लिहिणं थांबवलं. काय आहे विचारलं तर म्हणाली, मॅडमचं काम. दिवसभर मी काय काय करते आणि त्याला किती वेळ लागतो, ते मराठीतून लिहायचं. त्यांच्याकडच्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी असंच लिहून ठेवलंय, म्हणून मॅडमना माझंही हवंय.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात काय चालतं ते लिहून परक्या बाईच्या हातात द्यायचं? आज मॅडम आहेत, उद्या कोण असेल? मी तसाच मॅडमच्या दारात गेलो, ही माझ्या मागून आली. मी हिंदीत बोलायला लागलो. मॅडमना हिंदी बऱ्यापैकी यायची. बायको मध्ये काहीतरी सांगायला गेली, मी तिला तोडलं. तेव्हा मॅडमनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि म्हणाल्या, “पहले उनको बोलने दीजिए.”

स्वतःच्या बायकोसमोर मला कोणी गप्प बसवलेलं ते पहिलं आणि शेवटचं. बायको काय बोलली ते आज मला आठवत नाही. तो हात आठवतो. वह्या चालू राहिल्या. दोन वर्षांत चार भरल्या आणि मॅडमच्या कपाटात गेल्या. त्यानंतर त्या इमारतीखालून गाडी नेतानासुद्धा मी वर बघायचो नाही.

दोन वर्षांपूर्वी मॅडम आजारी पडून अमेरिकेला गेल्या. फ्लॅट तसाच होता. दर गुरुवारी बायको जाऊन धूळ झटकून यायची. यंदा मॅडम तिकडेच वारल्या. बायको दोन दिवस जेवली नाही. मग मॅडमची भाची आली, चार दिवस राहिली, भांडीकुंडी वाटून टाकली आणि सांगून गेली की मॅडमचे सगळे कागद त्यांच्या गावच्या एका लायब्ररीला द्यायचे ठरलेत. ते बांधून पाठवायला माणूस हवा होता. माझं नाव भाचीला सुचवलं ते माझ्या बायकोनेच.

इथे मी सावध झालो. त्या कागदांत आपल्या वह्या आहेत हे हिला माहीत. मला त्या नको आहेत हेही माहीत. मग मलाच का बोलावलं? चार दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती नेहमीसारखी डबा भरत होती. मी काही विचारलं नाही. धंद्यात जो पहिला विचारतो तो हरतो.

लायब्ररीने आपली खोकी आधीच पाठवली होती. राखाडी, जाड पुठ्ठ्याची, तीस. बरोबर इंग्रजीत लांबलचक ईमेल. ती मुलीने वाचून दाखवली. मुलगी कॉलेजात आहे, मराठी सगळं समजतं पण बोलते इंग्रजीत. तिने मधला एक भाग दोनदा वाचला. मी हो हो म्हणालो. माझं लक्ष त्या यादीकडे होतं जी लायब्ररीला पाठवायची होती: प्रत्येक खोक्यात काय काय आहे. लायब्ररीवाल्यांना मागे काहीबाही खरडलेली मॅडमची विजेची बिलंसुद्धा हवी होती. किराण्याच्या चिठ्ठ्या, फाटके लिफाफे, सगळं. रद्दी जहाजाने कोण मागवतं? जिथे कचऱ्याला इतका भाव, तिथे कचऱ्यात काहीतरी असतं. त्यांना नेमकं काय हवंय, आणि ते माझ्या घरातलं तर नाही ना, हेच माझ्या डोक्यात.

गुरुवारी माझी दोन माणसं स्वयंपाकघर आवरायला लावली आणि कागदांच्या खोलीत मी एकटा शिरलो. भिंतभर रॅक, दोन टेबलं, खिडकीखाली ढीग. कुठल्या ढिगात वह्या असतील काही कळेना, म्हणून मी सगळंच उपसलं. फायलीतले कागद काढले, लिफाफे उलटे केले. आणि हात एकदा कामाला लागले की ते आपल्या सवयीने काम करतात. मोठ्यावर मोठा, छोट्यावर छोटा. फुगलेल्या फायली रिकाम्या केल्या, क्लिपा काढून डब्यात टाकल्या, कडा ठोकून सारख्या केल्या. पंचवीस वर्षं मी असंच बांधत आलोय. कमी जागेत जास्त माल, आणि आत काही हलत नाही. साडेतीनपर्यंत ती खोली अशी दिसत होती की दुसऱ्या कोणी पाहिली असती तर शाबासकी दिली असती.

चारही वह्या सापडल्या. रॅकच्या मधल्या कप्प्यात होत्या, दोन निळ्या फायलींच्या मध्ये, सुती नाडीने बांधलेल्या. मी त्या पिशवीत घालून खाली गाडीच्या सीटखाली ठेवून आलो.

पाच वाजता लायब्ररीवालीचा व्हिडिओ कॉल होता; तिकडे सकाळ. मी फोन फिरवून खोली दाखवली. मला वाटलं खूष होईल. तिने फोन पुन्हा एकदा फिरवायला लावला. मग हळूहळू काहीतरी विचारायला लागली. मुलीला फोन लावून दुसऱ्या फोनवर घेतलं. मुलगी ऐकत राहिली आणि मग मला म्हणाली, “बाबा, आय टोल्ड यू. दोनदा वाचलं होतं मी.” ती चिडली की तेवढीच मराठी तिच्या तोंडून येते.

त्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की मॅडमनी कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही. कुठल्या कागदाशेजारी कुठला होता, हेच त्या कागदांचं अर्धं मोल. धुण्याची यादी एका पत्राला का लावली होती, बिलाच्या मागे लिहिलेलं वाक्य कुठल्या फायलीत होतं. क्रम गेला तर मॅडमनी काय विचार केला ते गेलं. लायब्ररीवाली ओरडली नाही. फक्त म्हणाली की असं असेल तर हे कागद घ्यायचे की नाही, ते तिला वरिष्ठांना विचारावं लागेल.

मला तिच्यावरच संशय आला. वह्या नाहीत हे हिला कळलं असेल आणि ही मला क्रमाच्या नावाखाली पकडतेय. पण वह्यांचा तिने शब्दही काढला नाही.

घरी जाताना अरादच्या किल्ल्याजवळ गाडी थांबवली. ऊन अजून होतं. सीटखालून पिशवी काढली आणि मधलीच एक वही मधेच उघडली. नऊ वर्षं मी या पानांत काय असेल याची कल्पना करत आलो होतो. सासरच्या तक्रारी असतील, माझ्या भावाचं प्रकरण असेल, किंवा अजून काही, जे मला माहीतच नाही.

तसलं काही नव्हतं. तिच्या बारीक, सरळ अक्षरात नुसती यादी. चहा, दहा मिनिटं. चपात्या, चाळीस मिनिटं. मुलीची वेणी, पाच मिनिटं. मॅडमकडे इस्त्री, दीड तास. पाण्याचे कॅन जिन्यावरून वर, पंधरा मिनिटं. मासे साफ, अर्धा तास. आणि त्याखाली, त्याच अक्षरात, वेगळा रंग नाही की अधोरेखन नाही: ‘यांचा राग, वीस मिनिटं.’

पुढचं पान उलटलं. त्यात नव्हतं. त्याच्या पुढच्यात होतं, अर्धा तास. कपडे वाळत घालणं आणि डाळ निवडणं यांच्या मध्ये.

मी वही मिटली. मला राग आला, पण तो आता किती मिनिटांचा म्हणायचा, हे डोक्यात आल्यावर नीट रागवताही येईना.

कागद परत लावायचे तर ते कुठे होते हे माहीत असलेलं माणूस जगात एकच. अकरा वर्षं त्या खोलीतली धूळ तिनेच झटकली होती. शुक्रवारी दुपारी बायकोला आणि मुलीला घेऊन मी त्या फ्लॅटवर गेलो. वाटेत मी सांगितलं की जरा गडबड झालीय. बायको म्हणाली, मुलीने सांगितलं मला. बस, तेवढंच.

दारातून खोली बघितल्यावर तिने पदर खोचला. “मोठ्यावर मोठा आणि छोट्यावर छोटा,” ती म्हणाली. “आमचे हे कुठेही गेले तरी हेच करणार. देवळात गेले तर देवसुद्धा उंचीप्रमाणे लावतील.” मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

चार वाजल्यापासून लायब्ररीवाली फोनवर होती, फोन रॅकला टेकवून ठेवलेला. बायकोला इंग्रजी अक्षर ओळखता येतं, वाचता म्हणावं तसं येत नाही. तिने वाचलंही नाही. तिने हात लावला. हा तपकिरी लिफाफा त्या पिवळ्याच्या खाली. दोघांवर मिळून कपाचा एकच गोल डाग, बघा. हे धुणाऱ्या बायकांचं, याच्यावर मॅडम चष्मा ठेवायच्या, म्हणून वरच्या कागदाला घडी पडलीय. ही पत्रं खिडकीकडची, कडा उन्हाने उडाल्यात. ही बिलं टाकायची नाहीत. फोनवर बोलताना मॅडम मागे लिहायच्या आणि लगेच त्या फायलीत खुपसायच्या, मी एकदा काढून ठेवली तर रागावल्या होत्या. क्लिपांचे गंजाचे ठसे जुळवून तिने वेगळे झालेले कागद एकत्र आणले. मुलगी सगळं इंग्रजीत सांगत होती आणि पलीकडे ती बाई खाली मान घालून लिहीत होती. तिने मधेच काही विचारलं. मुलगी म्हणाली, “मम्मी, शी इज आस्किंग, हाऊ डू यू नो ऑल धिस?”

“पुसलंय मी ते,” बायको म्हणाली. “रोज उचलून परत तिथेच ठेवायचं, मग माहीत नसेल तर काय?”

मी खोक्यांवर नंबर घालत होतो. मला दुसरं काही कामच उरलं नव्हतं. तासाभराने ती मधल्या कप्प्याशी पोचली. एक निळी फाईल ठेवली, दुसरी निळी फाईल ठेवली, आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं जागा सोडली. त्या जागेकडे बघत ती उभी राहिली. मग मागे वळून न बघता म्हणाली, “माझ्या वह्या इथे होत्या.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. फोनवरच्या बाईला काही सांगितलं नाही तिने, एवढं मात्र मी मानतो. मी बायकोला स्वयंपाकघरात ये म्हणालो.

ओटा रिकामा होता, आवाज घुमत होता. मी हळू बोललो. म्हटलं, वह्या माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहतील. आपलं घर आहे ते. तिकडे कोणी परकी माणसं हातमोजे घालून आपलं घर वाचणार.

“वाचल्यात?” तिने विचारलं.

“दोन-तीन पानं.”

“मग?”

मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, पण माझा स्वभाव. म्हटलं, “अर्धा तास लिहिलंयस एके ठिकाणी. अर्धा तास मी कधी रागावतो गं? दोन मिनिटं ओरडतो आणि विसरतो. सगळ्या गोदामाला माहीत आहे.”

“तुमची पाचच मिनिटं असतात,” ती म्हणाली. “उरलेली पंचवीस माझी. त्यात दुसरं काही काम होत नाही, म्हणून लिहिली. मॅडमनी सांगितलं होतं, ज्याला वेळ लागतो ते सगळं लिही.”

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. म्हटलं, त्यांना तीन वह्या दे, ज्यात माझं कमी आहे त्या. ती म्हणाली, चार. म्हटलं, ती पानं काढून घेतो, बाकी जाऊ दे. म्हणाली, एकही नाही. म्हटलं, मग बंद ठेवायला सांग, आपण दोघं मेल्यावर उघडू देत. त्यांच्याकडे तशी सोय असते, मुलीने सांगितलंय. तिने रिकाम्या ओट्यावरून हात फिरवला. मला वाटलं सौदा झाला.

“अहो, तुमचं नाव मी कशाला सुचवलं?” ती म्हणाली. “मला वाटलं, वह्या समोर दिसतील, तुम्ही घरी येऊन मला विचाराल. वाचू का म्हणून. किंवा नको पाठवू म्हणून. विचारलं असतंत तर कदाचित नसत्या पाठवल्या. तुम्ही चोरून नेल्यात.”

या बोलण्यात डाव आहे का, हे मी आजही तपासून बघतो. विचारलं असतं तर खरंच नसत्या पाठवल्या? की मी हरल्यावर हे म्हणणं सोपं? पंचवीस वर्षं मी माणसांची तोंडं वाचतोय आणि हे एक तोंड मला कधी वाचता आलेलं नाही. मी खाली गेलो आणि पिशवी घेऊन वर आलो.

तिने वह्या नाडीसकट त्या चार बोटांच्या जागेत सरकवल्या. नेमक्या बसल्या.

लायब्ररीवालीला त्या दाखवल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकली. मॅडमच्या पत्रांत या वह्यांचा उल्लेख होता म्हणे, पण त्या कुठे आहेत हे त्यांना कळत नव्हतं. तिने एक अर्ज पाठवला. या वह्या मॅडमच्या नाहीत, लिहिणारीच्या आहेत, तेव्हा द्यायच्या की नाहीत, आणि दिल्या तर उघड्या ठेवायच्या की बंद, हे लिहिणारीने सांगायचं. मुलीने विचारलं. बायको म्हणाली, उघड्या. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी टेपचा रोल हातात घेऊन उभा होतो.

आता एकच गोष्ट राहिली होती. यादीत लिहायला या वह्यांबद्दल दोन ओळी हव्या होत्या, इंग्रजीत, आणि नमुना म्हणून एका दिवसाचं पान. तिकडे मराठी वाचणारं कोणी नाही. मुलीला बोललेलं कळतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही. तो दोष माझा आणि शाळेचा. म्हणजे कोणीतरी वाचून दाखवायचं आणि तिने टाइप करायचं. मी बायकोकडे पाहिलं. तिने वही उघडली, पान बघितलं आणि माझ्या हातात दिली.

“तुम्ही वाचा,” ती म्हणाली. “माझा चष्मा घरी राहिला.”

चष्मा तिच्या गळ्यात होता.

मी वाचायला लागलो. मुलगी जमिनीवर मांडी घालून, लॅपटॉप एका खोक्यावर. चहा, दहा मिनिटं. तिने टाइप केलं. चपात्या. वेणी, तिथे ती जराशी हसली. झाडू-पोछा, इस्त्री, भाजी निवडणं. पुढची ओळ मला आधीच दिसली होती. मी ती गाळली असती तर मुलीला कधीच कळलं नसतं, अमेरिकेला तर नाहीच. बायको रॅकजवळ उभी राहून एका फायलीची नाडी बांधत होती, जी बांधून केव्हाच झाली होती.

“यांचा राग,” मी वाचलं, “वीस मिनिटं.”

मुलीची बोटं थांबली नाहीत. टाइप झाल्यावर तिने स्क्रीनकडे बघतच विचारलं, “एव्हरी डे, ऑर ओन्ली दॅट डे?”

हा प्रश्न मला होता की तिच्या आईला, मला कळलं नाही.

“रोज नाही,” बायको म्हणाली. “लिही तिथे. रोज नाही.”

मुलीने ते लिहिलं. ती सूट होती की खरी गोष्ट, हे मी अजून विचारलेलं नाही. मी पुढची ओळ वाचली: कपडे वाळत घालणं, दहा मिनिटं.